पार्किंग आहे, गाडीचं मात्र बघा

चिपळूणला बदली झाली? अभिनंदन. सोबत कुटुंब आहे, कार आहे आणि पार्किंगसह टू-बीएचके भाड्याने हवा आहे, म्हणजे हौसही दांडगी आहे.

एजंटला 'पार्किंग आहे का?' असं विचारून त्याचा अपमान करू नका. आहेच. तो तुम्हाला थेट इमारतीखाली नेईल. तिथे मालकांच्या मेहुण्यांची मारुती 800 असते, चारही टायर जमिनीला टेकलेले, वर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर. शेजारी बिल्डरच्या उरलेल्या टाइल्स, मंडळाच्या गणपतीचं मखर आणि 'नो पार्किंग' लिहिलेला पिंप. पिंपाला साखळी आहे, साखळीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुलाकडे, पुण्याला.

"ही 800 हलवता येईल का?" असं चुकूनही म्हणू नका. ती विकायचीच आहे. फक्त गिऱ्हाईक चांगलं मिळायला हवं.

थोडं वाचन असेल तर ते घरीच ठेवून जा. मोकळं किंवा स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. हे त्या इमारतीत मोठ्याने बोललात, तर फ्लॅट जाईलच, शिवाय संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत तुमची 'वकिली डोक्याचा माणूस' अशी ओळख होईल. पुढचे तीन मालक फोन उचलणार नाहीत.

करार अकरा महिन्यांचा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. मालक म्हणतील, "कशाला उगाच खर्च, आपण घरचेच." घरचे व्हा. डिपॉझिट मात्र परक्यासारखं मोजून घेतील. पार्किंगचा उल्लेख करारात शोधू नका, ते तोंडी असतं.

आता खरा प्रश्न. 'स्टिल्ट'ला गाडीची जागा समजण्याची चूक बाहेरगावचे लोक करतात. ती जागा मुळात वाशिष्ठी नदीची. ती येते तेव्हा तिला कुणी गेटपाशी अडवत नाही. 22 जुलै 2021 ला तर ती पार्किंगवर न थांबता कितीतरी ठिकाणी पहिल्या मजल्यावर गेली. म्हणून "तेव्हा पाणी कुठवर होतं?" हे जरूर विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असतं. मालक हात गुडघ्याशी नेतील. मग जिन्यात नजर वर करा. नव्या डिस्टेंपरखाली पिवळसर रेघ दिसेल, तुमच्या डोक्याच्या बरीच वर. मालक खोटं बोलत नाहीत हो, तेव्हा ते गच्चीवर उभे होते. पाणी पावसाचं की कोळकेवाडी धरणाचं, हा विषय काढलात तर चहासुद्धा मिळेल.

तेव्हा फ्लॅटच्या आधी डोंगराच्या अंगाला राहणारा एखादा नातेवाईक शोधा. नसेल तर जोडा. मुलगी उपवर असेल तर स्थळं बघताना अंगण बघा. जून ते सप्टेंबर गाडी तिथे, तुम्ही इथे, आणि मध्ये रिक्षा.

किल्ली देताना मालक विचारतील, "गाडी मोठी आहे का?"

"नाही," म्हणा.

"मग पार्किंगचे पाचशेच धरू."

द्या. आणि येताना गाडी बसस्टँडजवळ लावून या.