प्रश्न फक्त फीचा नाही

विंडोजच्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामवर) डिजिटल सही घेण्याच्या सक्तीबद्दल तुमच्या लेखात ‘वर्षाला काही हजारांचा भुर्दंड, एवढंच’ असं म्हटलंय, ते खटकलं. पैसे एक वेळ जमवता येतात हो. पण २०१६च्या विंडोज १० (१६०७) पासून, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर नव्या कर्नल ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर, मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. त्यांच्या पोर्टलवर नोंदणीला ईव्ही सर्टिफिकेट (कसून ओळख तपासून दिलेलं सही करण्याचं प्रमाणपत्र) हवं आणि ते मिळतं नोंदणीकृत संस्थेला. हौसेने घरी ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काय कंपनी काढायची?

मी टेस्ट मोडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सहीशिवायचे ड्रायव्हर चालू देणाऱ्या विंडोजच्या चाचणी-सोयीवर, भागवतो. त्यासाठी सिक्युअर बूटच बंद करावं लागतं, म्हणजे सुरक्षेच्या नियमापायी मशीन उघडं! वर डेस्कटॉपच्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ची पाटी कायमची. स्टक्सनेट या कुख्यात व्हायरसच्या ड्रायव्हरवर मात्र रिअलटेक या चिप कंपनीच्या चोरलेल्या सर्टिफिकेटची सही होती, आणि विंडोजने ती मुकाट्याने मानली.