विषय क्रमांक चार आणि विषय क्रमांक पाच

आपण मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेचे सजग सभासद आहात, आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘परिसरातील बेकायदेशीर बांगलादेशी घुसखोरांविरुद्ध ठराव संमत करणे’ हा विषय क्रमांक चार व ‘इमारतीच्या बाहेरील दुरुस्तीसाठी आलेल्या निविदांपैकी सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणे’ हा विषय क्रमांक पाच आहे, असे गृहीत धरून हे लिहीत आहे. दोन्ही विषय एकाच बैठकीत, त्याच सभासदांकडून आणि शक्यतो एकमताने मंजूर व्हायला हवेत. मुरलेले चिटणीस ही कसरत न बोलता पार पाडतात. पहिल्यांदाच समितीवर निवडून आलेल्यांना मात्र थोडे मार्गदर्शन लागते.

ठरावाची भाषा कडक ठेवावी. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांबीची आहे, हा आकडा पहिल्याच परिच्छेदात घालावा, कारण एवढा मोठा आकडा ऐकला की सभासद घड्याळाकडे पाहणे थांबवतात. सीमा सुरक्षा दलाने काय करावे, रेल्वेने काय करावे, महापालिकेने काय करावे, हे सविस्तर लिहावे. सीमेचे रक्षण व्हावे आणि परक्या नागरिकाने परवानगीवाचून येथे राहू नये, याविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. प्रस्तुत लेखकाचेही नाही. काळजी एवढीच घ्यावी की, नदीनाले ओलांडून आलेला माणूस वाटेतली सगळी शहरे मागे टाकून नेमका आपल्या पिनकोडमध्ये का उतरतो, हा प्रश्न कुणाच्या तोंडी येता कामा नये. त्याचे उत्तर विषय क्रमांक पाचमध्ये आहे, आणि सभेत विषयांचा क्रम मोडू नये असा संकेत आहे.

आता निविदांविषयी. तीन आलेल्या असतात. त्यांपैकी एका ठेकेदाराने मजुरांचे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा, परांचीवर चढणाऱ्यांसाठी सुरक्षा पट्टे असे सगळे धरून दर दिलेला असतो. हा गृहस्थ व्यवहारशून्य आहे असे समजून त्याचे पाकीट बाजूला ठेवावे. सर्वांत खालचा दर देणाऱ्याला सिमेंट काही निराळ्या भावाने मिळत नाही, रंगाचा डबाही सर्वांना जवळपास त्याच किमतीला पडतो. मग दर खाली आला कुठून, असे एखादे निवृत्त बँक अधिकारी विचारतील. त्यांना ‘ठेकेदाराचे व्यवस्थापन चांगले आहे’ असे सांगावे. हे उत्तर खोटे नाही.

ते व्यवस्थापन असे असते. मुकादम मजूर आणतो. मजुराचा रोज ठरतो, पण तो रोजच्या रोज हातात पडत नाही. आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे तांदूळ, तेल, विडी आणि मोबाईलचा रिचार्ज भागेल एवढे पैसे, आणि उरलेली मजुरी मुकादमाच्या वहीत साचत राहते; तिचा हिशेब काम संपल्यावर किंवा माणूस गावी निघाल्यावर व्हायचा. ज्याच्यामागे गावचा सरपंच आणि ओळखीचा आमदार असतो तो कधीतरी ती वही बघायला मागतो. ज्याच्यामागे कोणीच नसते तो मागत नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा मजुराचे नागरिकत्व विचारत नव्हता आणि त्याच्या जागी आलेली वेतन संहिताही ते विचारत नाही, तेव्हा कागदोपत्री त्यालाही कामगार आयुक्तालयाची पायरी चढता येते. पण तिथे कोणी ‘गाव कुठले?’ असे सहज विचारले तरी त्याची मजुरी बुडाली आणि वर तुरुंग. ही त्याची भीती ठेकेदाराला फुकट मिळते, आणि फुकटच्या या मालावर त्याने आपल्याला चौरस फुटामागे सूट दिलेली असते. यास्तव, अशा मजुरांची रीतसर नोंद करून त्यांना कामापुरते तात्पुरते परवाने द्यावेत, असे एखाद्या शहाण्याने सुचवल्यास राष्ट्रहिताच्या मुद्द्यावर कडाडून विरोध करावा. नोंद झालेला माणूस वही बघायला मागतो.

कागदपत्रांच्या बाबतीत हयगय नको. कामावर येणाऱ्या प्रत्येकाकडून आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असे आधार कायद्याच्या ९ व्या कलमातच लिहिले आहे, आणि आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. तरीही झेरॉक्स घ्यावीच. मजुराविषयी तिने काही सिद्ध होत नसले, तरी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते एवढे सिद्ध होते. अमेरिकेने १९८६ च्या कायद्यात कागदपत्रे नसलेल्या परदेशी माणसाला ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवणे बेकायदेशीर ठरवले, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाने तिथल्या बागाईतदारांनी पुढची कित्येक वर्षे पिके काढली. आपल्याला तर फक्त एक फाइल लोखंडी कपाटात ठेवायची आहे.

ठरावावर बोलताना अर्थशास्त्राला हात घालायचा मोह होईल. ‘हे लोक आपल्या मुलांच्या नोकऱ्या खातात’ हे वाक्य टाळ्या घेते, परंतु ते उच्चारण्यापूर्वी, सातव्या मजल्याच्या बाहेर बांबूवर उभे राहून प्लास्टर फोडायला कोणाचा मुलगा तयार आहे, असे विचारणारे कोणी समोर बसलेले नाही याची खात्री करावी. ‘हे कर भरत नाहीत’ हे वाक्य त्याहून जपून वापरावे. परांचीवर बसून तो जो पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा खातो, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. एवढा कर भरून तो परतावा मागत नाही, की कसली योजना मागत नाही. बांधकामाच्या खर्चावर मजुरांच्या कल्याणासाठी १ टक्का उपकर गोळा होतो, तिथेही तेच. लाभासाठी नोंदणी हवी, नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि जो माणूस कागदावर नाहीच त्याला दाखला देण्याइतका ठेकेदार खुळा नसतो. इमारत त्याने बांधायची आणि तिच्यावरचा उपकर इतरांच्या कल्याणाला, असा हा हिशेब सभेत निघाला तर घुसखोर आपल्याला पोसतो आहे की काय, अशी भलतीच शंका येऊ लागते.

घुसखोर ओळखण्याची पद्धत सोपी आहे: बंगाली बोलला की झाले. मुर्शिदाबाद आणि मालदा हे जिल्हे भारतात आहेत, हा भूगोलाचा तपशील सभेला अनावश्यक आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी बांगलादेशी म्हणून पकडलेल्या जरीकामगारांना रेल्वेने पूर्वेकडे पाठवले, तेव्हा पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकात जमावाने गाडी अडवली आणि हे आमचेच लोक आहेत म्हणत त्यांना उतरवून घेतले. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. सत्तावीस वर्षे टिकलेल्या पद्धतीला परंपरा म्हणतात. शिवाय आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तो तिथून हलवलेला नाही. तेव्हा चूक झालीच तर ती वेळेवर कागद न दाखवणाऱ्याची.

येथे एक धोका संभवतो. कोणी खवचट सभासद आपल्याच घरातील कागद मागू शकतो. आपल्या तीर्थरूपांची जन्मतारीख १ जून आहे, त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना ती सोयीची पडली. आणि आजोबा रत्नागिरीहून बोटीने गिरणीत कामाला आले तेव्हा त्यांच्यापाशी एक वळकटी आणि भावकीतल्या माणसाच्या खोलीचा पत्ता, एवढीच कागदपत्रे होती. तो सभासद गोव्याचे नाव काढील तर विषय ताबडतोब बदलावा. धोबी तलावच्या कुडांमधून, म्हणजे गोवेकरांच्या गाववार सामायिक बिऱ्हाडांतून, राहणारे गोव्याचे आचारी, खलाशी आणि बँडवाले डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या अमलाखालच्या मुलखातून येऊन या शहरात पोट भरत होते. (त्यांच्याविरुद्ध अशा सभांतून ठराव झाल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या हातच्या रश्शाचा हा प्रभाव असावा.)

ज्यांचा भाचा परदेशात आहे त्यांनी शब्द नीट वापरावेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय हातापायांत बेड्या घालून अमृतसरला उतरवले गेले, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. अशांना ‘नशीब काढायला गेलेली मुले’ म्हणतात. घुसखोर हा शब्द उलट दिशेच्या प्रवासासाठी राखून ठेवलेला आहे.

राहता राहिला पोलिसांत तक्रार करण्याचा मुहूर्त, आणि बहुतेक समित्या इथेच घाई करून फसतात. प्लास्टर अर्धे असताना तक्रार केली तर काम थांबते आणि पावसाळा तोंडावर येतो. रंगाचा शेवटचा हात फिरला, परांची उतरली, गच्चीत पाणी साठवून गळती तपासून झाली, पण मुकादमाच्या वहीतला हिशेब अजून व्हायचा आहे, असा एक आठवडा प्रत्येक कामात येतो. त्या आठवड्यात ठराव क्रमांक चारची प्रत घेऊन ठाण्यात जावे. जे पकडले जातील ते गेले, जे पळतील तेही गेले. वही मात्र मुकादमाकडेच राहते. त्यानंतर ठेकेदार अंतिम देयकात आपण होऊन थोडी घट दाखवतो. तिचे कारण विचारू नये. ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली टाकायची असे हिशेबनीस विचारतील. ‘इतर उत्पन्न’ चालते.