पुढचा मुक्काम

"हिला आणणार कशावर?" असं मोठ्या काकांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, ते वाहनाबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "विमानानं." काका म्हणाले, "अरे शहाण्या, व्हिसा कुठला काढणार?"

ही पोलंडची. ओळख कशी झाली, जमलं कसं, हा भाग सोपा होता. तो आमचा आम्ही मिटवला. व्हिसा मात्र दोघांत मिटत नाही. त्याला दोन सरकारं, एक आई, दोन काका आणि 'माझ्या मेहुण्याची एअरपोर्टवर ओळख आहे' असं सांगणारा एक मित्र, एवढी मंडळी लागतात. लग्नाच्या याद्या व्हायच्या आधी आमच्या घरी व्हिसाची बैठक बसली.

मित्राचं मत सरळ होतं. "टुरिस्टवर येऊ दे." ई-टुरिस्ट व्हिसावर हिच्या देशाच्या माणसाला तेव्हा सलग ९० दिवस राहता येत होतं. "नव्वद भरले की काठमांडूला चक्कर मारायची, परत यायचं." म्हणजे आमचा संसार पशुपतिनाथाच्या भरवशावर. शिवाय पर्यटनासाठी आले म्हणायचं आणि बघायचं काय, तर नवरा. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत माझं नाव घालायला माझी स्वतःचीही तयारी नव्हती.

मग भाचा. तो एका कंपनीत माणसं भरती करतो, त्यामुळे त्याला सगळे प्रश्न नोकरीचे वाटतात. "मामा, एम्प्लॉयमेंट व्हिसा." त्याला वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगार लागतो, हेही त्यानंच सांगितलं. माझा पगार त्या रेषेच्या बराच खाली. बायकोला त्या व्हिसावर आणायचं तर मलाच आधी तिच्या हाताखाली कामाला लागावं लागलं असतं. पण नियमाला सूट होती. आपापल्या देशाचं जेवण करणारे आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणारे शिक्षक यांना ही पगाराची अट नाही. मित्राचे डोळे चमकले. "आचारी दाखवू!" हिनं तोवर आमच्याकडे एकदाच बिटाचं सूप केलं होतं. ते तोंडात घोळवून आई म्हणाली होती, "रंग छान आलाय." आचारी बारगळला.

मोठ्या काकांना अर्धवट काही आवडत नाही. "सरळ नागरिकच करून टाका." भारतीयाशी लग्न केलेल्यालाही त्यासाठी सात वर्षं इथं काढावी लागतात आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे हिला पोलंडचा पासपोर्ट सोडावा लागेल, असं मी सांगितल्यावर काका म्हणाले, "मग? लग्नानंतर माहेरचं सोडायचंच असतं." ही तेव्हा व्हिडिओ कॉलवर होती. मी भाषांतर केलं नाही.

धाकटे काका इतका वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी घसा खाकरला. "पुढंमागं ते ओसीआय कार्ड मिळालं, तर शेती घेता येते का त्यावर?" ओसीआय म्हणजे परदेशी जोडीदाराला इथं मुदतीशिवाय राहू देणारं कार्ड. नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, मी म्हटलं. सातबाऱ्यावर परकं नाव चढणार नाही याची खात्री पटताच त्यांनी लग्नाला मनापासून संमती दिली आणि आहेरात सोन्याचा वेढा दिला.

चाळत चाळत उरला तो एंट्री व्हिसा. भारतीयांच्या परदेशी जोडीदारांसाठी त्यात एक्स-२ असा पोटप्रकार आहे. हिला मी कळवलं तर म्हणाली, "लग्नाआधीच एक्स?"

आता गाडी रुळावर आली असं वाटलं, तर एक्स-२ साठी लग्नाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी लग्न व्हायला हवं आणि ते इथंच करायचं ठरलेलं. लग्नासाठी ही इथं असायला हवी. इथं यायला व्हिसा हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही ही म्हण ज्यानं केली, त्याचीही बायको बहुधा परदेशातलीच असावी. तेव्हा पहिली फेरी टुरिस्टवरच झाली. मित्र अजून ते ऐकवतो.

आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. मी जन्मापासून राहत होतो. उभ्या प्रक्रियेत निर्विवाद अशी माझी ही एकच पात्रता निघाली. मग नोटीस लागते आणि कुणाची हरकत आहे का यासाठी ३० दिवस थांबायचं. नव्वदातले तीस इथंच गेले. पण खरी गंमत नोटिशीच्या आधी, कागद तपासताना झाली.

हिच्या नावात एक इंग्रजी एल आहे, त्याच्या पोटातून तिरकी काडी जाते. पोलिश लिपीतलं ते स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याचा उच्चार एल नाहीच, 'व' च्या जवळचा. साहेबांनी जन्मदाखल्यावर बोट ठेवलं.

"ही खाडाखोड कुणी केली?"

"खाडाखोड नाही साहेब, अक्षर आहे."

"अक्षर खोडलंय हे मला दिसतंय ना. शेजारी सही पाहिजे."

मी पासपोर्ट दाखवला. त्यावरही काडी. साहेबांनी कागद उजेडात धरला, मागून पाहिला, नखानं किंचित खरवडून पाहिला. मग पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ओळी असतात त्या मी दाखवल्या. तिथं काडी नसते, साधा एल असतो. साहेब खूश झाले. "बघा! मूळचं बरोबर आहे. वर कुणीतरी मारलीय." हिनं मला हळूच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझ्या देशानं तुझं नाव खोडलंय असा संशय आहे.

काडीतून सुटलो तर वडिलांचं आडनाव. पोलिश आडनावांत बऱ्याचदा बापाचं 'स्की' असतं आणि लेकीचं 'स्का' होतं. ते एकच आडनाव, फक्त लिंगाप्रमाणे शेपटी बदलते. हे मी साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "वडील वेगळे आहेत का?" मी परत समजावलं. "तुम्ही म्हणता ते ठीक आहे, पण रेकॉर्डला स्पेलिंग मिस्टेक आहे. एक अॅफिडेव्हिट आणा." मग स्टॅम्पपेपरवर, हिचे वडील हे हिचेच वडील आहेत, असं प्रतिज्ञापत्र झालं. त्याची प्रत सासऱ्यांना पाठवली. त्यांनी ती फ्रेम करून बैठकीत लावलीय. साहेबांचं मात्र मला आता कौतुक वाटतं. हिच्या नावाकडे इतकं निरखून मीही कधी पाहिलं नव्हतं.

लग्न लागलं. सह्या झाल्या, पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला संवाद असा झाला: "किती राहिले?" "एक्केचाळीस."

आता फाटा होता. व्हिसा इथंच बदलून घ्यायचा, की हिनं परत जाऊन तिथल्या भारतीय दूतावासातून नवा आणायचा? एका खिडकीवर सांगितलं, लग्न झालंय ना, मग इथंच होईल. फोनवर सांगितलं, ई-व्हिसा बदलत नाही. मेहुण्याच्या ओळखीनं सांगितलं, होतं पण करू नका. दोन रात्री मी छताकडे बघत काढल्या. हिनं मात्र कॅलेंडर काढलं, लाल पेननं एकेक दिवस भरला आणि म्हणाली, "एक्केचाळीस दिवसांत तुमचं एक प्रतिज्ञापत्र होतं. मी जाऊन येते." लग्नाला एक आठवडा झालेली सून बॅग भरून निघाली. शेजारणीनं विचारलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "पहिलं माहेरपण आहे."

माहेरपण आटोपून ही वर्षाचा एक्स व्हिसा घेऊन परतली. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा म्हणजे आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करायची. ती ऑनलाइन होते हे मला ठाऊक होतं. त्याआधीचं ठाऊक नव्हतं. परदेशी माणूस ज्याच्याकडे उतरतो त्यानं तेव्हा २४ तासांत 'सी फॉर्म' भरायचा असे. मला वाटायचं, हा हॉटेलांचा विषय. तर तो घरांनाही लागू होता. आणि घर आईच्या नावावर.

म्हणजे रात्री अकराला, सून बाथरूममध्ये प्रवासाचा शीण धुवत असताना, आमची आई यजमान म्हणून संगणकासमोर बसली. आधी तिच्या आस्थापनेची नोंदणी.

"निवासाचं नाव काय लिहू?"

"दारावर आहे तेच लिही. मातृछाया."

"क्षमता?"

"कसली?"

"किती माणसं राहू शकतात?"

"गौरीगणपतीला बावीस झोपली होती."

मी चार लिहिलं. पुढे निवासाचा दर्जा होता. त्या यादीत एक तारा, दोन तारे असं चढत जात होतं. आईनं चष्मा सारखा केला आणि यादी खालपर्यंत वाचली. "किती टाकतोयस?" मी तारे नसलेला पर्याय निवडला. आई काही बोलली नाही, फक्त उठून सुनेच्या उशाचा अभ्रा बदलून आली.

मग पाहुणीचा तपशील. येण्याचं कारण. कुठून आली. या निवासात किती दिवस राहणार. आणि शेवटी, पुढचा मुक्काम.

"पुढचा मुक्काम कसला?" आई म्हणाली. "इथंच."

"तसं चालत नाही, काहीतरी भरावं लागतं."

"सोडून दे की मोकळा."

मी मोकळा सोडला. लाल अक्षरं आली. शेवटी मी हिच्या गावाचं नाव घातलं आणि फॉर्म गेला. ही केस पुसत बाहेर आली, पडद्यावर वाचलं, "मी परत जाणार आहे?" मी म्हटलं, फॉर्मपुरती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही हे खरं.

नोंदणीच्या कागदांत दोघांचा एकत्र फोटो लागतो. आमच्याकडे लग्नाचे साडेचारशे फोटो होते आणि प्रत्येकात मध्ये कुणीतरी मावशी. नवा काढला. त्यात आम्ही दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे दिसतो. मग माझं हमीपत्र: हिच्या राहण्याखाण्याची आणि वेळ पडलीच तर परत पाठवण्याच्या खर्चाचीही जबाबदारी माझी. हिनं ते अर्थासकट वाचून घेतलं.

"तू माझी हमी घेतोस. तुझी कोण घेतं?"

"माझी गरज नाही, मी भारतीय आहे."

"तेच विचारतेय," ही म्हणाली.

मुदतवाढीच्या वेळी चौकशीला पोलीसदादा आले. नवराबायको खरंच एकत्र राहतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यांनी शेजारच्या आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "राहतात तर! परवाच भांडत होते." "कोणत्या भाषेत?" "ती मराठीत. तो इंग्रजीत." दादांनी वहीत काहीतरी लिहिलं, हिच्याकडे पाहून नमस्कार केला आणि गेले. असं स्वच्छ काम मी उभ्या प्रवासात दुसरं पाहिलं नाही.

नोंदलेल्या लग्नाला दोन वर्षं सलग पूर्ण झाली की ओसीआयचा अर्ज करता येतो. फी १५ हजार रुपये. फोटोची पार्श्वभूमी तेव्हा फिकट हवी होती, पण पांढरी चालत नव्हती. व्हिसाच्या फोटोला पांढरी लागली होती. फोटोवाला म्हणाला, "साहेब, हीच मॅडम ना? मग रंग का बदलला?" मी म्हटलं, आता त्या प्रवेशातून नागरिकत्वाकडे निघाल्यात. जे अर्थातच चूक होतं, कारण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन नाही. धाकट्या काकांना मी पुन्हा एकदा फोन करून सांगितलं. आणि लग्न मोडलं तर कार्डही जातं. हे कलम वाचल्यापासून ही भांडणाच्या ऐन भरात थांबून म्हणते, "आत्ता नको, कार्ड येऊ दे."

कार्ड आलं. त्यावर नाव आहे ते बिनकाडीचं.

नंतर पहिल्यांदाच सासूबाई पोलंडहून आल्या, पंधरा दिवसांसाठी, साध्या टुरिस्ट व्हिसावर. रात्री अकरा वाजले होते. त्या बाथरूममध्ये होत्या. ही संगणक उघडून बसली आणि आईचा पासवर्ड तोंडपाठ टाकला. क्षमता चार, तारे शून्य, येण्याचं कारण, कुठून आल्या. बोटं एका रकान्यापाशी थांबली.

आई आतून उशीला अभ्रा घालता घालता म्हणाली, "घाई कसली त्यांना? पुढचा मुक्काम मोकळा सोड गं."

"मोकळा सोडता येत नाही, आई," ही म्हणाली. "लाल होतं."