पहिल्या तारखेची भिशी: खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार खानापूरकर,

'व्यक्ती, समूह आणि समाज' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुमचं म्हणणं असं, की मी बेळगावात 'मराठी समूह' आणि 'कन्नड समूह' असे दोन डबे मांडले आणि माणसं त्यांत भरली. तुमच्या आई घरात मराठी बोलतात, भाजीवालीशी कन्नड, आणि सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला गेल्या की दोन्ही. मग त्या कुठल्या डब्यात? दुसरा मुद्दा जास्त तिखट होता. मराठीसाठीच्या मोर्चात पुढे असणारे लोक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात, हे सरळ ढोंग आहे, त्यावर समाजशास्त्राची झूल कशाला पांघरता, असं तुम्ही विचारलंत.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझीच. 'समूह' हा शब्द मी फार सैल हाताने वापरला. जनगणनेत मातृभाषेला एकच रकाना असतो. शिवाय येणाऱ्या इतर भाषा दोनपर्यंत नोंदवता येतात, म्हणजे तुमच्या आईंचं कन्नड तिथे बसतं, पण दुसऱ्या जागी. मातृभाषेपुढे 'मराठी' लागलेल्या सगळ्यांचा मिळून जो गठ्ठा होतो, त्याला प्रवर्ग म्हणतात. निपाणीत विड्या वळणारी बाई आणि टिळकवाडीतला डॉक्टर त्या गठ्ठ्यात शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकांच्या दारात कधी उभे राहिलेले नाहीत. समूह व्हायला येणंजाणं लागतं, 'आपण' अशी भावना लागते, आणि कुणी कसं वागायचं याचे न लिहिलेले संकेत लागतात.

आता आमची शहापुरातली भिशी बघा. आम्ही बारा जणी, त्यातल्या पाच घरी कन्नड बोलणाऱ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जमतो, जिची भिशी लागेल तिच्याकडे पोहे आणि चहा. कागदावर हा दुय्यम समूह आहे. पैशासाठी जमलेला, हिशेब संपला की मोकळा. पण मागच्या वर्षी एकीचा नवरा दवाखान्यात होता, तेव्हा तिचा हप्ता दुसऱ्या एका अक्कांनी गुपचूप डब्यात टाकला. वहीत तिच्याच नावापुढे बरोबरची खूण झाली आणि कुणी काही विचारलं नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीने १९०९ मध्ये प्राथमिक समूहाची कल्पना मांडली ती कुटुंब, खेळगडी, शेजार अशा समोरासमोरच्या, जिव्हाळ्याच्या माणसांसाठी. आमची भिशी पैशाच्या दाराने आत आली आणि तिथे जाऊन बसली. भाषेची अट कुठेच नव्हती. वहीतली दोन नावं तर कन्नड लिपीत आहेत, ती मला अजून चाचपडत वाचावी लागतात.

आणि तरीही, हीच पहिल्या तारखेची भिशी नोव्हेंबरात दोन तारखेला होते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्या दिवशी आमच्यातल्या काही घरांत काळा दिन असतो, त्याची निषेधाची फेरी निघते; काही घरांत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनेचा सण. तारीख पुढे ढकलायची असं कुणी ठरवलं? मी जुन्या दोघींना विचारलं. "तसंच असतंय की," म्हणाल्या. बाहेरून आपल्यावर चालणारी, मोडायला गेलं तरच जाणवणारी अशी जी गोष्ट असते, तिला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिमने १८९५ मध्ये सामाजिक तथ्य म्हटलं. विद्यार्थ्यांना समजावताना मला इतकं चपखल उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. त्या एका दिवशी फेरीत चालणारे मराठी भाषक प्रवर्ग उरत नाहीत, खरोखरच समूह होतात. दोन तारखेला परत पोहे.

बरं, फरकाची रेघ दरवेळी भाषेवरूनच जाते असंही नाही. भिशीतल्या एकीच्या मुलीचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी ठरलं. पत्रिका हातात घेऊन माझी आई पुटपुटली, "अगं बाई, मामा म्हणजे बापासारखा!" त्या बाईंनी ऐकलं. हसून म्हणाल्या, "मामा म्हंजे घरचाच की. तुम्ही पोरीला परक्याच्या घरात कशाला देता?" आमच्याकडे मामाची मुलगी भाच्याला चालते, मामा भाचीला चालत नाही. त्यांच्याकडे दोन्ही चालतं. सगळ्या कन्नड घरांत चालतं असं मात्र नाही, ते जातीजातीवर आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेच्या नकाशात महाराष्ट्र मध्य विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात धरला होता. तो नकाशा आमच्या बोळात एका पत्रिकेवर दिसला. आई लग्नाला गेली, जेवली, आणि परत येताना पुन्हा तेच म्हणाली.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. 'ढोंग' म्हटलं की विचार थांबतो. माणूस ज्या समूहाचा सभासद असतो आणि ज्याच्याकडे बघून स्वतःला मापतो, ते दोन समूह वेगळे असू शकतात. या दुसऱ्याला संदर्भ समूह म्हणतात. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट हायमनने १९४२ मध्ये हा शब्द वापरला, पुढे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने त्यावर बरंच काम केलं. मोर्चातला बाप सीमाभागातल्या मराठी माणसांत असतो. शाळेच्या फॉर्मवर सही करताना त्याच्या डोळ्यांपुढे पुण्यात किंवा बंगळूरात नोकरी करणारा भाचा असतो. दोन्हीकडे तो खराच असतो, फक्त दोन भूमिका एका अंगावर ताणल्या जातात. १९५६ मध्ये चंदगड तालुका तेवढा बेळगाव जिल्ह्यातून वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला, तो आज महाराष्ट्रात आहे. म्हणून आमच्याकडे चंदगडला सोयरीक असलेला माणूस आपली तुलना कलबुर्गीशी करत नाही, त्या सोयऱ्याशी करतो. सरकारी कागद त्याला मराठीत मिळतो, मला का नाही, हा सल तिथून येतो. सोयरा नसता तर कागद तोच राहिला असता, सल कदाचित एवढा खोल नसता.

एक गोष्ट मूळ लेखात लिहायला हवी होती, ती टाळली. माझी मुलगीही इंग्रजी माध्यमात आहे.

लेख काल रात्री दुरुस्त केला. 'मराठी समूह' सात ठिकाणी होतं. चार ठिकाणी 'मराठी भाषक' केलं. तीन तसेच ठेवलेत, कारण ती वाक्यं १ नोव्हेंबरच्या फेरीबद्दल आहेत.