म्हणे सिनिक ड्राईव्ह! कोल्हापूर-पुणे हायवेवर खाली येऊन बघा की जरा

काल परत एकानं रील टाकलं, कोल्हापूर ते पुणे, ड्रोन शॉट, हिरवीगार उसाची रानं, मागं बासरी आणि वर लिहिलंय सिनिक ड्राईव्ह. भावा, तू ड्रोनवर बसून गेलतास काय पुण्याला? कारण खाली जो स्टेअरिंग धरून बसलेला असतोय त्याला ऊसबिस काय दिसत नाही, त्याला दिसतंय ते पुढच्या कंटेनरचं ढुंगण आणि "गैरसोयीबद्दल क्षमस्व" चा धुळीनं माखलेला बोर्ड.

अंतर किती, तर २३० किलोमीटरच्या आसपास. पुण्यातली आत्ती फोनवर म्हणती, "सकाळी निघ की रं, जेवायला इथंच ये." आत्ते, जेवण झाकून ठेव, रात्री गरम करून खातो.

कागल ते सातारा सहापदरीकरण चाललंय म्हणे. चांगलंच आहे, करा, आमचा काय विरोध नाही, पण सगळीकडनं एकदम खणून ठेवायचं आणि मग एकेक ठिकाणी निवांत बसायचं ही कुठली पद्धत? शिरोली सुटली की नागाव फाट्यापासनं जे सुरू होतंय, खाली उतरा, सर्व्हिस रोडनं जावा, वर चढा, परत उतरा, वाठार, पेठ नाका, कासेगाव, आणि कराडात शिरायच्या आधी मलकापूरला तर गाडी न्यूट्रलला टाकून चहा पिऊन आलं तरी चालतंय अशी अवस्था. त्या सर्व्हिस रोडवर एस्टी, वडापच्या (शेअर) जीपा, शाळेची पोरं, शेरडं आणि चौदा चाकी ट्रक सगळे एकाच लाईनीत. आणि रात्री तर डायव्हर्जन आहे हे कळतंय कधी, तर बोनेटपुढं ड्रम आल्यावर. रिफ्लेक्टरवर चिखल बसलेला, ब्लिंकर बंद, दोन वाळूची पोती आडवी टाकली की झाली यांची सेफ्टी.

त्यात साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन दोन, वरनं ऊस दोन्ही बाजूला लोंबतोय, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर म्हणून जुनी सीडी सुतळीनं बांधलेली. खरंच सांगतो, सीडी! आणि ड्रायव्हरच्या कानाला दोन मोठे स्पीकर, तुम्ही हॉर्न दाबून अंगठा मोडला तरी त्याला पत्ता नाही. त्या गड्याला तरी काय बोलायचं म्हणा, रात्रंदिवस कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकतात तिथं, नंबर लावून बसतोय तो. पण एक रिफ्लेक्टर पट्टी किती रुपयाला येती हो?

आता टोल. हिथं माझं डोकं फिरतंय. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, चार नाकी. रस्ता अर्धा, टोल मात्र चारी ठिकाणी. २०२१ पासनं फास्टॅग सक्तीचा केला, का तर म्हणे थांबायला लागू नये. मग आमच्यापुढं एका नाक्यावर जी रांग होती ती काय दर्शनाची होती काय? स्कॅनर वाचंना म्हणून तिथलं पोरगं हातात मशीन घेऊन प्रत्येक काचेपुढं नाचतंय, गाडी मागं घ्या, पुढं घ्या, मागचा हॉर्न मारतोय, आणि पैसे मात्र बरोबर कटले, मेसेज टिंग करून आला. ते कधी चुकत नाही बघा.

अरे आम्ही कोल्हापूरवाले आहे. एन. डी. पाटील सर म्हातारपणात, आजारी असताना रस्त्यावर उतरले आणि अख्ख्या शहरानं "देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही" म्हणत शहरातला टोल घालवला. ते गाव हे आमचं. आणि आता त्याच गावची माणसं किणीला गप काच खाली करून खड्ड्यांचा टोल भरायला लागल्यात.

साताऱ्याच्या पुढं अजिंक्यतारा मागं पडतोय, उजवीकडं चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी दिसती, खरंच देखणा मुलूख आहे, पण मान वळवायची सोय नाही. खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच उतार आणि ते एस वळण, तिथं किती गाड्या उलटल्या असतील देव जाणे. मग कात्रजचा नवीन बोगदा, पुढं नवले पुलापर्यंत उतारच उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक मागनं येत असतात, २०२२ च्या नोव्हेंबरात तिथं एकाच वेळी ढिगानं गाड्या ठोकल्या गेल्या, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. पुण्यात पोचलो याचा आनंद करायचा की आरशात बघत बसायचं?

जास्त काय मागत नाही. ड्रम धुवा, ब्लिंकर चालू ठेवा, डायव्हर्जनचा बोर्ड अर्धा किलोमीटर आधी लावा, आणि काम होईस्तोवर टोल निम्मा करा. आणि त्या रीलवाल्याला कुणीतरी टॅग करा रे, पुढच्या खेपेला त्याला माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवतो, ट्रॉलीच्या मागं, रात्री.