‘हातावर हात ठेवला की झालं’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रोटॅक्टाइल या स्पर्शाने बोलायच्या भाषेवर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “हातावर हात ठेवून खुणा केल्या की झाली स्पर्शभाषा, त्याचा एवढा बाऊ कशाला? लेखही भलताच लांब, आणि आपल्याकडे याचा उपयोग काय?” मतभेदाला माझी ना नाही. पण ‘बाऊ’? बधिरांध, म्हणजे दिसण्याची आणि ऐकण्याची दोन्ही अडचण असलेल्या माणसांनी स्वतःच्या बोलण्यासाठी जे घडवलं, त्याला डोळे-कान शाबूत असलेल्याने बाऊ म्हणावं, हे मला फार लागलं.

एक चूक मान्य. प्रोटॅक्टाइल ‘अमेरिकेत’ सुरू झाली, असं मी मोघम लिहिलं होतं. सिएटल म्हणायला हवं होतं. २००७ च्या सुमारास तिथे एजे ग्रांडा आणि जेलिका नुचिओ या दोघा बधिरांधांनी तिचा पाया घातला. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ‘हातावर हात’. बोलणाऱ्याच्या हातावर हात ठेवून सांकेतिक भाषेच्या खुणा ओळखायची ती रीत जुनीच आहे, आणि घोडं तिथेच अडतं. अमेरिकन सांकेतिक भाषा डोळ्यांसाठी घडलेली आहे. हो-नाहीचा प्रश्न त्यात भुवया उंचावून विचारतात. तळहाताला भुवया लागत नाहीत, मग प्रश्न विधान होऊन पोचतो. हवेत बोट दाखवून ‘तिकडे’ म्हटलं तर दिशा कळते, तिकडे काय आहे ते कळत नाही. ऐकणाऱ्याने मान डोलावली तरी बोलणाऱ्या बधिरांधाला ती दिसणार कशी? त्याला भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

प्रोटॅक्टाइलमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसतात. ऐकणाऱ्याचा एक हात बोलणाऱ्याच्या हाताबरोबर फिरतो, दुसरा त्याच्या मांडीवर असतो. समजलं की थोपटायचं, हसू आलं की बोटांनी गुदगुल्या केल्यासारखं करायचं. थोपटणं थांबलं की बोलणारा ओळखतो, काहीतरी निसटलं. शिवाय हवेऐवजी ऐकणाऱ्याचं अंगच वापरतात. झाड सांगायचं तर त्याचाच हात कोपरापासून उभा करवायचा, बोटं फाकवायची. हात खोड, बोटं फांद्या. मग कुठल्या फांदीवर काय घडलं, ते त्याच बोटाला स्पर्श करून सांगायचं. एका वाक्यात चार हात, त्यातले दोन ऐकणाऱ्याचे! आधी त्या हाताला सूचना, मग आकार, मग त्यावर क्रिया. हात तयार करवून न घेता थेट दाबलं तर तो नुसता स्पर्श ठरतो, शब्द होत नाही. टेरा एडवर्ड्स आणि डायन ब्रेंटारी या भाषा-अभ्यासकांनी २०२० साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात हीच घडण नियमबद्ध होत चालल्याचं दाखवलं आहे. नुसत्या हातावर ठेवलेल्या हाताला असे नियम कुठले?

बारा वर्षं बधिरांधांसाठी दुभाष्याचं काम करतो आहे, तेव्हा हे ऐकीव समजू नका.

लांबीवर वाद घालत नाही. ‘आपल्याकडे उपयोग काय’ याचं उत्तरही देत नाही, लेख सिएटलबद्दल होता. त्यातला तिसरा परिच्छेद तुम्ही वाचला असता, तर हे सगळं मला पुन्हा लिहावं लागलं नसतं.