चष्मा म्हणजे हुशारी नव्हे

पालकसभेत हमखास ऐकू येतं, "तिसरीतच चष्मा लागला हो, पण अभ्यासात पहिला असतो!" शिक्षिका म्हणून मला हे कौतुक खटकतं, कारण याच समजुतीपायी बिनचष्म्याचं एखादं मूल उगाच 'ढ' ठरतं.

मायनस नंबरवाल्यांचा, म्हणजे लांबचं धूसर दिसणाऱ्यांचा, बुद्ध्यांक सरासरीने थोडा जास्त भरतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण कशामुळे काय होतं? २०१८ साली ब्रिटनमधल्या सुमारे ६८ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून हेच तपासलं गेलं. शिक्षणाच्या दर वर्षामागे मायनस नंबर सरासरी पावने वाढतो, असं निघालं. मायनस नंबरमुळे माणूस जास्त शिकतो, याला मात्र पुरावा मिळाला नाही.

प्लस नंबरवाल्या मुलांबद्दल तर कुणी बोलतच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तपासणीत भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. 'नजर उत्तम' असा शेरा मिळाला. धडा वाचताना मात्र ती ओळीखाली बोट धरायची, तरी खालच्या ओळीवर घसरायची, आणि थोड्याच वेळात डोळे चोळत पुस्तक मिटायची. डोळ्यांत थेंब घालून तपासल्यावर दोन्ही डोळ्यांना मोठा प्लस नंबर निघाला. लहान मुलांचे डोळे ताण देऊन हा नंबर झाकून नेतात. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं वाचताना दमछाक होते. अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात, चष्मा नसलेली अशी मुलं अक्षरओळखीत मागे पडलेली आढळली. यात त्यांच्या बुद्धीचा काय दोष? म्हणून मूल वाचायला कंटाळत असेल तर शिकवणी लावण्याआधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि थेंब घालून तपासायला सांगा.

आणि मायनस नंबर? तोही अटळ नाही. तैवानमध्ये नजर कमी असलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचं प्रमाण २०११ पर्यंत वाढत ५० टक्क्यांवर गेलं होतं. तिथे २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि २०१५ मध्ये ते ४६.१ टक्क्यांवर आलं. पुस्तकं कुणी काढून घेतली नव्हती, मुलं फक्त उजेडात जाऊ लागली. आपल्याकडे ऊन फुकट आहे, पण परीक्षा जवळ आली की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा जातो आणि तो गणिताला दिला जातो. पुढच्या पालकसभेत मी हा तास परत मागणार आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत तुम्हीही मागा.